टोक सरळ बसेपर्यंत

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला एकदम विचारलं, “आजी, यू डोंट ईट मीट. मग तू मॉमला सांग ना, हरीण मारणं राँग आहे.” मागे तुमची आई भांडी लावत होती. तिने ऐकलं. एक कपाट जरा जोरात बंद झालं. मग धाकट्याने स्क्रीनमध्ये तोंड घातलं, “आजी, पण तूच मॉमला बाण करून दिलेस ना?” मी म्हटलं, हे फोनवर नको, लिहून पाठवते.

म्हणून हे आत्ता लिहिते आहे. तुम्ही दोघं रविवारच्या शाळेत मराठी वाचायला शिकलात, त्याचा काही उपयोग व्हायला हवा. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तरी ही गोष्ट मला इंग्रजीत नीट सांगता येणार नाही. शब्द अडला तर बाबांना विचारा, त्यांना जरा काम मिळू दे. तुमची आई माझ्याशी इंग्रजीत बोलते. तिचं बोलणं मी इथे बरंचसं मराठीत लिहिलं आहे.

थोरली तेव्हा दोन वर्षांची होती आणि धाकट्याचा पत्ता नव्हता. तुम्ही टेक्सासमध्ये शुगर लँडला जाण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आम्ही सगळे नेपरव्हिलला, दोन घरं पण हाकेच्या अंतरावर. त्या उन्हाळ्यात तुमच्या आईचे वडील गेले. तिची आई त्याच्याही आधी गेली होती. विस्कॉन्सिनमधलं त्यांचं शेत आणि घर विकायचं ठरलं, बर्फ वितळलं की ते दुसऱ्यांचं होणार होतं. घर आवरायला तुमच्या आईने पानगळीत ऑफिसातून रजा घेतली. तुमच्या बाबांना रजा मिळेना, तेव्हा तिच्या सोबतीला आणि थोरलीला सांभाळायला मी आणि आजोबा गेलो.

डिकीत मी डाळ, तांदूळ, कणीक, कुकर आणि माझं पोळपाट-लाटणं घेतलं. आजोबांनी त्यांची हत्यारांची पेटी घेतली.

“अहो, त्यांचं अख्खं कोठार हत्यारांनी भरलंय,” मी म्हटलं.

“दुसऱ्याच्या हत्यारांना न विचारता हात लावू नये,” आजोबा म्हणाले. “आणि आता विचारायचं कुणाला?”

आजोबांची सगळी नोकरी यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात गेली. तुमचे वाढदिवसाचे केकसुद्धा ते पट्टी लावून कापत, हे तुम्हाला माहीत आहेच.

घर आवरायचं होतं हे खरं, पण तुमच्या आईला तिथे आणखी एक गोष्ट करायची होती. शाळेत असल्यापासून दर पानगळीत ती वडिलांबरोबर घरामागच्या रानात धनुष्य घेऊन जायची. वर्षातून एक हरीण मिळालं तर मिळालं, तेच मांस घरात हिवाळाभर. या वर्षी तिला शेवटचं एकदा त्या रानात जायचं होतं. पुढच्या वर्षी ते रान तिचं नसणार होतं. पण जाता येईल की नाही, हे बाणांवर अवलंबून होतं.

बाणाची दांडी पोकळ असते. ती मापाने कापायची, तोंडात आटे असलेली छोटी नळी चिकटवायची आणि त्या नळीत टोक फिरवून घट्ट बसवायचं. तिचे बाण नेहमी तिचे वडील तयार करत. या वर्षी नव्या दांड्या आणून पहिल्यांदाच तिने स्वतः केले होते. सरावाचं टोक असतं साधं, गुळगुळीत, पेन्सिलीच्या टोकासारखं. शिकारीच्या टोकाला तीन पाती असतात, दाढीच्या ब्लेडसारखी धारदार. तिने कोठारामागे गवताच्या गठ्ठ्यावर गोल काढला होता. सरावाचं टोक लावलं की तिचे बाण माझ्या वाटीएवढ्या जागेत जाऊन बसत. त्याच बाणांना पात्यांचं टोक लावलं की एक डावीकडे, एक खाली, एक पार कडेला.

दोन दिवस मी खिडकीतून हे बघत होते. तिसऱ्या दिवशी ती आत आली आणि धनुष्य टेबलावर ठेवून म्हणाली, “आई, मी जात नाही.”

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. सून शिकार करते, हे मी आमच्या नागपूरच्या नातेवाइकांना आजतागायत सांगितलेलं नाही. पण तिचा चेहरा बघून मी चहा ठेवला.

“का गं? सराव तर चांगला होतो तुझा.”

“सरावाच्या टोकाने हरीण मरत नाही.” ती खुर्ची ओढून बसली. “मी सतरा वर्षांची होते. असाच एक बाण वाकडा गेला. हरिणीला लागला, पण नीट नाही लागला. मी आणि डॅड दिवसभर रक्ताचे थेंब बघत फिरलो. ती सापडली नाही. कुठे तरी जाऊन पडली असेल, हळूहळू. डॅड ओरडला नाही. एवढंच म्हणाला, बाण सरळ जात नसेल तर घरी बस. दॅट्स द रूल.”

“आणि तुला कधी वाटत नाही, मुळात मारूच नये?” मी विचारलं. मला विचारायचंच होतं.

“वाटतं,” ती म्हणाली. “म्हणून तर नीट मारायचं असतं.”

माझं मत काही त्या एका वाक्याने बदललं नाही, थोरले. पण तिला तिच्या वडिलांच्या रानात जायचं होतं, आणि एका मुक्या जनावराला यातना होऊ नयेत म्हणून ती स्वतःला अडवत होती. त्यात मला न पटण्यासारखं काही सापडेना.

हे सगळं आजोबा दारातून ऐकत होते. दुपारी तुमची आई थोरलीला झोपवता झोपवता स्वतःही झोपली, तेव्हा ते हळूच मला म्हणाले, “अगं, इकडे ये. मला कळलं दोष कुठे आहे.”

त्यांनी सगळे बाण टेबलावर मांडले होते. “हे बघ. मागे पिसं तीन, पुढे पाती तीन. पण प्रत्येक बाणात पाती वेगळ्याच दिशेला. मागचं पुढच्याला जुळत नाही. मग बाण सरळ कसा जाईल?”

मला ते लगेच पटलं. आमच्या घरी मसाल्याच्या बरण्यांची लेबलं एका दिशेला असतात आणि चपलांची टोकं दाराकडे. आजोबांनी पेटीतल्या नळाच्या रबरी चकत्या काढल्या, एकेका टोकाखाली घातल्या, आणि प्रत्येक पातं पिसाच्या बरोबर रेषेत येईल तिथेच फिरवायचं थांबवलं. संध्याकाळपर्यंत सगळे बाण पंगतीला बसल्यासारखे एकसारखे दिसत होते. मी तर म्हटलं, फोटो काढा.

तुमच्या आईने पहिला बाण सोडला. तो गठ्ठा सोडून बाजूच्या वाफ्यातल्या भोपळ्यात घुसला. दुसरा गठ्ठ्याला लागला, पण इतका तिरपा की जणू दमून टेकला होता. तिने धनुष्य खाली ठेवलं, भोपळ्यातला बाण उपटून काढला, टोक फिरवून बघितलं, आणि चकती बाहेर आली. एका बाजूने चेपलेली.

“बाबा,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

“वॉशर,” आजोबा म्हणाले. “अलाइनमेंटसाठी.”

“टोक घट्ट बसलंच नाही, बाबा. ते हलतंय.” तिने एकेक बाण बघितला. “यू मेड देम प्रिटी.”

“प्रिटी?” आजोबांना तो शब्द फार लागला. “मी एकोणचाळीस वर्षं...”

पुढचं ऐकायला ती उभी नव्हती. ती भोपळ्याच्या वाफ्याशेजारी मटकन खाली बसली होती आणि हसत होती. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं, मग हसणं कमी झालं आणि पाणी चालू राहिलं. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं आणि रडतानाही. मी जवळ जाऊन बसले. आजोबा भोपळ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “याची भाजी होईल ना?” झाली. पोळीबरोबर चांगली लागली.

रात्री जेवताना आजोबांचं लक्ष ताटात नव्हतं. नापास भाग परत आला की त्यांचं असंच व्हायचं. सकाळी मी उठले तर ते कोठारात. तिथे त्यांना तुमच्या आईचे लहानपणीचे स्केट्स सापडले होते. तिची परवानगी घेऊन त्यांनी त्यांची चाकं सोडवली आणि एका फळीवर चार चाकं अशी बसवली की बाण त्यांच्यावर आडवा ठेवला तर बोटाच्या एका धक्क्याने जागच्या जागी गरगर फिरावा. ती फळी ते स्वयंपाकघरात घेऊन आले आणि ठेवायला सपाट जागा शोधत माझ्या पोळपाटाकडे बघायला लागले.

“खबरदार,” मी म्हटलं. “हरणाचा बाण माझ्या पोळपाटावर नाही.”

“अगं, ते लेव्हलला आहे...”

“टेबलाला तुमच्या पेटीतला स्पिरिट लेव्हल लावा.”

लावला. टेबल एका बाजूला उतरतं होतं, तर पायाखाली पुठ्ठा घातला. बाण फिरायला लागला. टोक हलतंय असं वाटत होतं, पण नक्की सांगता येईना. मग मी एक बटाटा अर्धा कापला, त्यात शिवणाची सुई खोचली आणि ती टोकाच्या अगदी जवळ ठेवली. आता दिसलं. बाण फिरताना टोक सुईकडे यायचं, मग दूर जायचं. यायचं, जायचं. लहानपणी आम्ही भोवरे फिरवायचो, त्यात ज्याची आर, म्हणजे खालचा खिळा, वाकडी तो हातावर घेतला की तळव्याला थरथर जाणवायची. अगदी तसं.

आजोबांनी ते टोक काढून दुसऱ्या बाणाला लावलं. टोक तेच, पण आता डगमग वेगळी होती. म्हणजे दोष टोकात नव्हता. “पाती कुठल्याही दिशेला असोत,” ते म्हणाले, “टोक दांडीच्या बरोबर मधोमध, एका रेषेत हवं. माझं काल चुकलं.” मग तुमच्या आईला म्हणाले, “तू गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढलास तर वारा हाताला ढकलतो ना? पात्यांचंही तसंच. टोक तिरकं असलं की वारा पात्यांना धरतो आणि बाणाला ओढत नेतो. सरावाच्या टोकाला धरायला काही नाही, म्हणून ते चूक झाकतं.”

“मग तिरकं कशामुळे?” तिने विचारलं.

त्यांनी भिंग काढलं आणि दांडीचं तोंड तिला दाखवलं. नळीची कड दांडीच्या तोंडावर टेकते. तोंडच जरा तिरकं कापलेलं, म्हणून नळी तिरकी आणि तिच्यातलं टोकही तिरकं. फरक केसाएवढा.

मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. नळीचा गोंद गरम पाण्यात सैल होतो. एकेक नळी तिने पकडीने ओढून काढली. पात्यांची टोकं मी आधीच डब्यात बंद करून वरच्या फडताळात ठेवली होती, कारण थोरली टेबलाखाली फिरत होती. आजोबांनी एका लाकडी ठोकळ्याला सॅंडपेपर लावून तो फळीच्या टोकाला काटकोनात बसवला. बाण चाकांवर फिरवत हळूच ठोकळ्याला टेकवला की तोंड घासलं जाई.

“पण सगळीकडून सारखं घासलं गेलं हे कळणार कसं?” मी विचारलं.

“तोंडाला काळं करायचं,” आजोबा म्हणाले. “शाईने. सगळं काळं एकदम गेलं की तोंड सरळ. एका बाजूला राहिलं, तर ती बाजू अजून खोल आहे. आम्ही कारखान्यात असंच...”

तुमची आई उठून उभी राहिली होती.

“मार्कर,” ती म्हणाली. “ते माझं काम होतं. डॅड मला मार्कर द्यायचा आणि म्हणायचा, रंगव, पण कडेपर्यंत रंगव, मध्ये पांढरं सोडू नकोस. मी एवढं छान रंगवायचे आणि हा घासून टाकायचा. मग पुन्हा रंगव. मी चिडायचे. मला वाटायचं, मी मध्ये मध्ये करते म्हणून मला गप्प बसवायला देतो.” ती पुन्हा खाली बसली. “तो मला खरं काम देत होता.”

आजोबांनी एक दांडी तिच्यापुढे सरकवली. मग तिने ड्रॉवरमधून एक काळा मार्कर शोधून काढला, थोरलीला मांडीवर घेतलं आणि तिचा हात धरून एका दांडीचं तोंड रंगवलं. होय, बाई, तू. तू दांडी रंगवलीस, स्वतःची करंगळी रंगवलीस आणि आजोबांच्या शर्टाची बाहीसुद्धा. हे मी तुला टोमणा म्हणून सांगत नाही. तुझं आजचं मत तुझं आहे. पण तू तिथे होतीस, हे तुला ठाऊक असावं.

दिवसभर ते काम चाललं. घासायचं, बघायचं, पुन्हा काळं, पुन्हा घासायचं. नळ्या चिकटवल्या, टोकं घट्ट बसवली, चकतीबिकती काही नाही. मी सुईवर नजर ठेवून “चालेल” किंवा “नाही” म्हणायचं. “नाही” म्हटलं की ती नळी पुन्हा गरम करायची, किंचित फिरवायची. एक बाण कशानेच सुधारेना. त्याची दांडीच वाकडी होती, तो तिने बाजूला काढला. बाकीच्यांची टोकं फिरताना सुईपासून जरासुद्धा हलेनात. बाण फिरतोय की उभा आहे, हे फक्त पिसांवरून कळायचं. पाती आणि पिसं कुठेच जुळत नव्हती. मला ते बघवत नव्हतं, पण मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोठारामागे गेली. आधी सरावाच्या टोकाचा एक बाण, मग पात्यांचा. दोन्ही शेजारी शेजारी लागले. मग दुसरा, तिसरा. ती आत आली नाही, तिथूनच तिने खिडकीकडे बघितलं आणि मान डोलावली. आजोबा म्हणाले, “पास,” आणि पेटी आवरायला लागले.

शेवटच्या दिवशी पहाटे ती निघाली. मी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. वासाने हरणं पळतील, म्हणून तिने पुऱ्या घरीच ठेवल्या आणि चहाही. थोरली उठली, तिचं दूध झालं, मी वरण-भाताचा कुकर लावला. सारखी खिडकीकडे जात होते. मी नक्की कशाची वाट बघत होते, हे मला आजही सांगता येत नाही. हरीण येऊच नये असंही वाटत होतं आणि ती रिकाम्या हाताने परत येऊ नये असंही.

फोन वाजला. ती कुजबुजत होती, “आई, एक हरिणी आली होती. ती पडली. इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. ती पळालीसुद्धा नाही फार. शी डिडन्ट सफर.”

मी कुकरखालचा गॅस बंद केला. तोंडातून निघालं ते एवढंच, “थंडी वाजते का गं? काही खाल्लं नाहीस सकाळपासून.”

पलीकडे ती रडायला लागली. “नाही खाल्लं,” म्हणाली.

मी थोरलीला कडेवर घेतलं, पुऱ्यांचा डबा घेतला आणि आजोबांबरोबर रानाच्या कडेपर्यंत गेले. ती गुडघ्यांवर बसली होती, एक हात हरणाच्या मानेवर. काही तरी बोलत होती, हरणाशी की वडिलांशी ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. तिने हात पुसले आणि तिथेच बसून पुऱ्या खाल्ल्या, मोजून चार. आजोबा, ज्यांना अंडं फोडलेलं बघवत नाही, ते पुढे जाऊन बाण घेऊन आले. त्यांनी तो डोळ्यासमोर धरून दांडीवरून नजर फिरवली. “अजून सरळ आहे,” ते तिला म्हणाले, आणि मग तोंड फिरवून खूप वेळ झाडांकडे बघत उभे राहिले. शेजारचे शेतकरी हरीण न्यायला ट्रॅक्टर घेऊन येताना दिसले तेव्हा मी थोरलीला घेऊन घरी परतले. पुढचं मी पाहिलं नाही. त्या मांसातलं मी काही खाल्लं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही.

तेव्हा थोरले, तू मला तुझ्या बाजूची समजतेस, ते बरोबर आहे. मी मांस खात नाही, तूही खाऊ नकोस. तुझी आई तुला ताटात वाढणार नाही, तिने मला कधी वाढलं नाही. पण तिला निर्दयी म्हणू नकोस. मी तिला टोक सरळ बसेपर्यंत घरी बसताना पाहिलं आहे. आणि मी तिला सांगणार आहे का, की हे चूक आहे? नाही. मी माझं तिला तेव्हाच विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं.

ते शेत आता दुसऱ्यांचं आहे. कोठार पाडलं असं ऐकलं. आजोबांची बोटं हल्ली थरथरतात, बाण फिरवणं त्यांना जमत नाही. तुमची आई आता टेक्सासमध्ये एका मैत्रिणीच्या रानात जाते. पण शिकारीच्या सीझनच्या आधी ती अजून मला व्हिडिओ कॉल करते, फोन टेबलावर उभा ठेवते आणि एकेक बाण फिरवते. जो मला डगमगताना दिसतो, तो ती घरी ठेवते.